माझ्या नावाचं खोटं पत्र

आमेरच्या किल्ल्यावर मी नऊ वर्षं गाइड होते. जयपुरात इंग्रजी बोलणारे गाइड पुष्कळ, म्हणून कॉलेजात असतानाच मी स्पॅनिश शिकून घेतलं होतं. मग महामारी आली, पर्यटक थांबले, आणि मी घरी बसून स्पॅनिश माहितीपटांना इंग्रजी सबटायटल्स द्यायला लागले. काम कॅनडातल्या एका कंपनीचं, फिल्म्स बहुतेक स्पेनच्या. पर्यटक परत आले तरी मी किल्ल्यावर परतले नाही. एक तर गुडघा साथ देत नव्हता, आणि दुसरं म्हणजे त्या फिल्म्समधल्या माणसांचा मला लळा लागला होता. मासे पकडणारे, मेंढ्या राखणारे, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. पाच वर्षं मी त्यांचं बोलणं कानात घेऊन जगतपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये बसले होते. ती माणसं जिथे राहतात तिथे एक वर्ष राहून पाहावं, एवढंच मनात होतं.

बाहेरच्या देशांचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांना स्पेन दीर्घ मुदतीचा व्हिसा देतो, हे मला कळलं तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात मी आणि बाबा. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आले ते तिथलेच झाले, पण बोलणं अजून अकोल्याचंच. धाकटा भाऊ अजमेरला असतो. तो म्हणाला, तू जा, बाबांना मी बघतो.

कागदांच्या यादीत एक पत्र होतं. ज्यांचं काम करते त्या कंपनीने लिहून द्यायचं की ही बाई आमच्यासाठी काम करते आणि ते परदेशातून करायला आमची हरकत नाही. नोकरी करणाऱ्याला अशी पत्रं मिळतात. मी कोणाची नोकर नव्हते. कंपनीत मला ओळखणारी एकच बाई होती, काम वाटून देणारी, आणि तिलाही मी कधी पाहिलेलं नव्हतं. मी तिला ईमेल केली. तिचं उत्तर आलं, वकिलांना विचारून कळवते.

त्यानंतर तीन आठवडे काही नाही. त्या तीन आठवड्यांत माझ्या मनात भीती शिरली ती अशी शिरली. नेहमीची फिल्म सोमवारी यायची ती बुधवारी आली, तर वाटायचं, झालं, मला हळूहळू काढताहेत. मी उगीच विचारलं. माझा पत्ता, माझा देश, टॅक्स, सगळं वकिलांच्या नजरेस आणून दिलं मी स्वतःच. पत्राची आठवण करून द्यायला ईमेल लिहायची आणि न पाठवता पुसून टाकायची, असं रोज चालू होतं.

फाइल तयार करायला मी दुर्गापुऱ्यातला एक एजंट धरला होता. वयस्क माणूस, बोलायला अतिशय मृदू, मला बेटी म्हणायचा. कंपनीचं पत्र येत नाहीये असं मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पत्राचं मी बघतो, तू तारीख चुकवू नकोस. बघतो म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. ते आजही मला टोचतं. मी विचारलं नाही, कारण कुठेतरी मला उत्तर नको होतं.

अर्ज द्यायच्या दिवशी त्याने व्हिसा अर्ज केंद्राच्या दाराशी फाइल माझ्या हातात दिली आणि स्कूटर वळवून गेला. आत फोन बंद करून जमा करायचा होता. टोकन घेऊन मी खुर्चीवर बसले. माझ्या आधी सहा जण होते. वेळ जाईना म्हणून फाइल चाळायला लागले. पासपोर्टच्या प्रती, पोलिसांचा दाखला, आरोग्याचा दाखला, आणि त्यामागे, प्लास्टिकच्या पाकिटात, कंपनीचं पत्र.

पहिल्या क्षणी मला चक्क आनंद झाला. वाटलं, आलं. मग वाचलं. वर कंपनीचं चिन्ह होतं, जरा फिकट, जसं वेबसाइटवरून उचलून छापलं की होतं. खाली त्या बाईचं नाव आणि एक वळणदार सही. मजकूर आपल्या कचेऱ्यांतल्या अर्जासारखा होता, ‘योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती’ अशा धाटणीच्या इंग्रजीत. ती बाई असं लिहीत नाही. ती एका ओळीत लिहिते आणि खाली नावाचं पहिलं अक्षर टाकते.

हॉलमध्ये एसी होता आणि माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. पत्र तसंच राहू दिलं तर माझ्या सहीच्या अर्जाखाली खोटा कागद जाणार. आणि ते काढलं तर अर्जात राहणार तरी काय? बाहेर जाऊन एजंटला फोन करावा, तर दारावरच्या गार्डने आधीच बजावलं होतं, एकदा बाहेर गेलात की आजची तारीख गेली. वर छताला कॅमेरा होता. तो माझ्याकडेच वळलेला आहे असं मला वाटत होतं. शेवटी मी फाइल मांडीवर उभी धरली, तिच्या आड ते पत्र काढलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये तळाशी कोंबलं. कागदाचा एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं.

माझा नंबर आला. काउंटरवर तरुण मुलगी होती, केस घट्ट बांधलेली. ती एकेक कागद घेऊन यादीवर खूण करत गेली. पत्राशी येऊन थांबली. मी सांगितलं, पत्र नाहीये. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, “लेकिन मैम, आपके एजेंट ने जो स्कैन भेजे हैं, उनमें तो है.”

ते आधीच आत गेलेलं होतं. पर्समधला कागद म्हणजे नुसती एक प्रत.

तेव्हा मी खरं बोलले असते तर इथे अभिमानाने लिहिलं असतं. माझ्या तोंडून निघालं, “घर पर रह गया.” तिने एक छापील कागद पुढे केला: एक पत्र कमी आहे याची मला कल्पना आहे, असं लिहून सही करायची होती. मी सही केली. माझी सही मलाच ओळखू आली नाही.

घरी आले तेव्हा बाबा तूर निवडत बसले होते. चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मी पर्समधून तो कागद काढून समोर टाकला आणि सगळं सांगितलं, काउंटरवरच्या खोट्यासकट. एजंटला वाटेतूनच फोन केला होता. त्याचा आवाज तसाच मृदू होता. हे सगळेच करतात बेटी, कोणी कॅनडाला फोन करून विचारत नाही, तू गप्प राहा, असं तो म्हणाला होता. गप्प राहावं असं मलाही वाटत होतं, हे मी बाबांना सांगितलं. खोटा कागद सापडला तर पुढे कित्येक वर्षं कुठलाच देश दारात उभं करणार नाही, आणि तो खोटा आहे हे आपणच सांगितलं तर काय करतील याचा पत्ता नाही.

बाबांनी पत्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. इंग्रजी त्यांना येतं, पण ते वाचत नव्हते.

“पार्सलवर खोटा शिक्का बसला न बाई, तं ज्यानं मारला तो दिसत नाही. ज्याचं नाव असते, त्यालेच धरते,” ते म्हणाले. “तू लिहून टाक.”

“व्हिसा नाही मिळणार मग.”

“नाही तं नाही. इथं काय उपाशी आहे का तू?”

दुपारीच मी ईमेल लिहायला बसले. व्हिसाचा निर्णय घेणाऱ्या स्पेनच्या कॉन्सुलेटला, स्पॅनिशमध्ये. पाच वर्षं दुसऱ्यांची वाक्यं लिहिली होती. स्वतःची सहा वाक्यं लिहायला मला तीन तास लागले. लिहिलं की ते पत्र कंपनीचं नाही, ते माझ्या नकळत जोडलं गेलं, पत्र घरी राहिलं असं मी काउंटरवर सांगितलं तेही खोटं होतं, आणि ते पत्र अर्जातून काढून टाकावं. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून मी बाबांना हाक मारली. ते येऊन नुसते मागे उभे राहिले. मी बटण दाबलं.

त्यानंतरचे दिवस मी फोनला घाबरून काढले. अनोळखी नंबर दिसला की मी आधी खुर्चीत बसायची, मग उचलायची. कुरिअरवाला असायचा, गॅसवाला असायचा. दारावर एकदा खाकी शर्टातला माणूस आला, तेव्हा माझ्या हातातला कप निसटून फुटला. तो पाण्याचं मीटर बघायला आला होता.

नवव्या दिवशी कॉन्सुलेटचा फोन आला. पुरुषाचा आवाज, स्पॅनिश, घाई नसलेला. त्याने माझं काम काय, कसं चालतं, हे विचारलं. मी मेंढपाळांवरच्या एका फिल्मचं नाव घेतलं, तर तिच्याबद्दल विचारलं. मी उत्तरं देत होते आणि टेबलाची कड घट्ट धरून होते. मग तो म्हणाला, पत्र घरी राहिलं असं तुम्ही का सांगितलंत?

मी म्हणाले, “मला भीती वाटली.”

पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत राहिला. मग त्याने आभार मानून फोन ठेवला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

व्हिसा नाकारला गेला. पासपोर्टाबरोबर आलेल्या कागदावर कारण होतं: कामाचा पुरेसा पुरावा नाही. तो कागद मी चार वेळा वाचला, बंदी हा शब्द शोधत. नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले. नकाराचं रडू यायला हवं होतं. आलं ते सुटल्याचं.

कंपनीचं खरं पत्र त्यानंतर अकरा दिवसांनी आलं. चार ओळी, वकिलांमुळे उशीर झाल्याची क्षमा, खाली सही. सही अगदी साधी, शाळकरी मुलीसारखी. दोन महिन्यांनी मी स्वतः फाइल लावून पुन्हा अर्ज केला. जुन्या नकाराबद्दलच्या रकान्यात सगळं लिहिलं. या वेळी तर झोपच उडाली होती, कारण आता चूक झाली असती तर दोष द्यायला एजंटही नव्हता. पाच आठवड्यांनी पासपोर्ट आला. पान उघडायला मी बाबांना दिलं. त्यांनी चष्मा पुसला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “तुझंच नाव आहे.”

त्या एजंटची तक्रार मी केली नाही. करायला हवी होती. त्याच्या ऑफिसच्या जिन्यात माझ्यासारखे आणखी कितीतरी बसलेले मी पाहिले होते. पण त्याच्याकडे माझ्या सगळ्या कागदांच्या प्रती होत्या, आणि मी घाबरले. भाऊ म्हणतो, सोड आता. मला ते सोडता आलेलं नाही.

इथे स्पेनमध्ये आल्यावर पहिल्या महिन्यात रहिवासाच्या कार्डासाठी पोलीस ठाण्यात जावं लागलं. टेबलापलीकडच्या पोलिसाने माझं बोट यंत्रावर ठेवायला सांगितलं. ठसा उमटेना. दुसरं बोट ठेवलं, तेही नाही. माझे हात बर्फासारखे झाले होते. मी मनात उत्तरं जुळवत होते, तो काय विचारेल त्याची. त्याने वर पाहिलं आणि स्वतःचे तळहात एकमेकांवर चोळून दाखवले. मी तसं केलं. तिसऱ्या वेळी ठसा उमटला, आणि त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.