हवा गोड आहे

बाउदिलियो मान्सिया कांदा खात नसे. तंबाखू ओढत नसे, दारूला शिवत नसे. चिलोए बेटावरचा माणूस असून दारू नाही, म्हणून ताल्काउआनो बंदराच्या धक्क्यावर लोक त्याला अर्धा पाद्री म्हणत. हे सगळं तो नाकासाठी करी.

नौदलाला उत्तरेतून मिळालेल्या सहा पाणबुड्यांपैकी एकीवर आम्ही दोघे होतो. मी मोटरवर, तो बॅटरीवर. बॅटरीत समुद्राचं पाणी झिरपलं की विषारी वायू सुटतो, आणि बंद बोटीतल्या बावीस माणसांना पळायला जागा नसते. म्हणून बुडी मारण्याआधी बाउदिलियो जमिनीची फळी उचलून बॅटरीवर पालथा पडे, डोळे मिटून वास घेई आणि म्हणे, "हवा गोड आहे." हे शब्द ऐकल्याशिवाय कमांडर वरचं झाकण लावू देत नसत. तेलाने आणि घामाने आमची नाकं मेलेली होती. त्याचं एकट्याचं जिवंत होतं.

एकोणीसशे एकोणीस साली, जूनमधल्या आमच्याकडच्या थंडीत तो तापाच्या साथीत सापडला. पंधरा दिवसांनी हडकून कामावर आला, पुन्हा पालथा पडू लागला. हवा पुन्हा गोड असू लागली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मी त्याच्याकडे जेवायला गेलो. त्याची बायको ओतिलिया अंगणात कपडे वाळत घालत होती, आम्ही चुलीपाशी पत्ते खेळत होतो. काहीतरी करपल्याचा वास मलासुद्धा आला. वाटलं, घर त्याचं, तो उठेल. तो पत्ते लावत राहिला.

ओतिलिया धावत आत आली. "दूध जळून कोळसा झालं! आणि नौदलाचं नाक बघा, पातेल्याला टेकून बसलंय!" ती हसली. मग एकदम हसायची थांबली.

"बाउदिलियो, कधीपासून?"

"तापापासून."

"आणि बोटीत?"

"आठ बुड्या झाल्या. आठही वेळा गोड म्हणालो."

"पण हवा गोडच होती ना?" मी म्हटलं.

"होती. ते मला कुठे माहीत होतं?"

ओतिलियाने पातेलं आपटलं. "तर मग सांगून टाक."

"सांगितलं की मी किनाऱ्यावरचा. धक्क्यावर दोर ओढणारे पन्नास आहेत, मी एक्कावन्नावा."

"हा तुझा मित्र तुझ्याबरोबर आत असतो," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर बोल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पत्त्यांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुडी होती. त्याने फळी उचलली, पालथा पडला. नेहमीपेक्षा जास्त वेळ पडून राहिला. वरून कमांडरांचा आवाज आला, "मान्सिया, काय म्हणते हवा?"

तो गुडघ्यांवर उठला. "मला माहीत नाही, साहेब. तीन महिने झाले, मला वास येत नाही."

 मग स्वयंपाकी पुटपुटला, "तरीच माझा रस्सा पुन्हा पुन्हा मागतो गाढव." दोघेतिघे हसले. बाउदिलियो हसला नाही. कमांडर खाली आले, रागावले नाहीत. त्याच्यासाठी शिडीपासून बाजूला झाले, एवढंच. तो वर चढून धक्क्यावर उतरला.

मग कमांडर स्वतः फळीपाशी पालथे पडले. उठून म्हणाले, "आता एकेकाने." आम्ही ओळीने पडलो, स्वयंपाकीसुद्धा. माझी पाळी आली तेव्हा मी बराच वेळ श्वास घेतला. त्या आठ वेळा मी खाली किती निवांत बसलो होतो, ते आठवत होतं.

दुपारी परतलो तर तो दोर बांधायच्या खुंटावर बसला होता. जागचा हललेला दिसत नव्हता.

"कशी होती?" त्याने विचारलं.

"गोड."

"कोण म्हणालं?"

"सगळे."

त्याने मान हलवली. आम्ही घरी चालत गेलो. पोचल्यावर त्याने टोपलीतला एक कांदा उचलला, हाताने सोलला आणि तसाच दातांनी तोडला.

"चव तरी लागते का त्याची?" ओतिलियाने विचारलं.

"नाही," तो चावत म्हणाला. "पण कुरकुरीत आहे."