तेरोयने लेकीसाठी घडवलेली मूठ

फिलिपिन्समधल्या आमच्या दानाओ गावात पिस्तुलं घडवणारे पुष्कळ, पण मूठ बसवून घ्यावी ती तेरोयकडूनच. नेमबाजी करून हात आखडलेली माणसं मनिलाहून जहाजाने आमच्या कारखान्यात यायची. मी तिथे तेवीस वर्षं पॉलिशचं काम करते. तेरोयचा बाक माझ्या शेजारी.

त्याला टेप लागत नसे. गिऱ्हाइकाचा पंजा हातात घ्यायचा, डोळे मिटायचे, बोटं चाचपायची आणि तासायला बसायचं. "टेप शिंप्याने वापरावी," म्हणायचा. एका बड्या अधिकाऱ्याला त्याने तोंडावर सुनावलं होतं, "साहेब, हे पिस्तूल आहे, झुंजीचा कोंबडा नाही. मान आवळू नका, उडून जात नाही ते."

मूठ जाड झाली की बोट चापापर्यंत पोचत नाही. मग माणूस पंजा फिरवून धरतो आणि गोळीचा धक्का मनगटातून सरळ मागे जायचा तो अंगठ्याच्या बुडाशी बसतो. हे मला त्यानेच शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या तळव्यात लाकडाचं भलंमोठं कुसळ शिरलं. बाकावर रक्त ठिबकत होतं आणि हा खुशाल शीळ वाजवत होता. चाळीस वर्षं कानस चालवून तळवे, बोटं बधिर झाली होती.

"तेरोय, डॉक्टरला हात दाखव."

"साबेल, तू तुझं पॉलिश कर."

असा तिरसट. मीही तोंड मिटलं. त्याच महिन्यात त्याने लुझमिंडासाठी मूठ घडवली. लुझमिंडा त्याची एकुलती एक लेक, बँकेत पहारेकरी, आणि आमच्या प्रांताची सगळ्यात चांगली नेमबाज. देशाच्या संघात तिची निवड व्हायची होती. बापाने नेहमीसारखा तिचा पंजा हातात घेतला, डोळे मिटले. मूठ जाड झाली.

चार महिन्यांनी ती माझ्याकडे अंगठा चोळत आली. मला ती नांग, म्हणजे ताई, म्हणायची आणि बापाला ताताय. "नांग, रात्री ठणकतो. सकाळी बटणं लागत नाहीत."

"मूठ बदल. दुसऱ्या कुणाकडून तासून घे."

"मैदानावर सगळे बघतील. तेरोयची पोरगी दुसऱ्याची मूठ वापरते म्हटल्यावर ताताय मरतील. तुम्ही बोलू नका."

मी बोलले नाही. मला तिची कीव आली आणि त्याच्या तोंडाची भीती वाटली, खरं तेच सांगते. ती बर्फाने हात शेकायची, पट्टी बांधायची, आणि घरी जाण्याआधी पट्टी सोडून पर्समध्ये टाकायची.

यंदा निवडीच्या दिवशी बत्तिसाव्या गोळीला पिस्तूल तिच्या हातातून खाली गेलं. पुन्हा उचलताच येईना. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याचा सांधा झिजलाय, शीर दबलीये, आता नेमबाजी विसरा. बँकेनेही तिला दारावरून काढून आत कागद लावायला बसवलं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. तेरोय लुझमिंडाची मूठ मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसला होता. शेजारी शिंप्याकडून मागून आणलेली टेप. त्याने तिचा पंजा मापला होता, मूठही मापली होती.

"पाऊण बोटाने जाड," तो तिला म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं असेल तुला."

"आठवड्यात कळलं."

"मग?"

लुझमिंडा खाली बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमचे हात गेलेत हे कळलं असतं सगळ्यांना. तुमचं काम सुटलं असतं."

तेरोयने टेप गुंडाळून बाजूला ठेवली. मला वाटलं, आता खेकसेल. पण तो अगदी हळू बोलला.

"सुटलं असतं. मग काय, सोडलं असतं मी. एवढंच होतं ना, बाळ?"

त्याने माझ्याकडे पाहिलं; मलाही ठाऊक होतं, हे त्याने ओळखलं. दोन वर्षं मी या माणसाच्या रागाला भीत आले, आणि आज त्याला राग आलाच नाही.