शरयूताईंनी मागितलेलं अंडं

माघातली दुपार. उबवणी यंत्राची घरघर एका सुरात चालू आहे आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकते. यंत्रात गिधाडाचं अंडं आहे. आमच्या प्रजनन केंद्रातलं या हंगामातलं एवढं एकच तगलेलं. मादीनं घरट्याबाहेर ढकललं म्हणून आम्ही ते उचलून आणलं. कालपासून पिल्लू आतून चोच मारतंय. कवचाला बारीक भोक पडलंय, पण काम त्यापुढे सरकत नाही. सकाळपासून तर आतला आवाजही बंद आहे. बाहेरून कवच सोलायचं माझं धाडस होत नाही. आतल्या शिरांतलं रक्त पिल्लात जिरायच्या आधी हात लावला, तर पिल्लू रक्त जाऊन मरतं.

पापण्या जड होतात. घरघर लांब लांब जाते.

"झोपलीस होय गं, हेमा?"

समोरच्या स्टुलावर शरयूताई बसल्या आहेत. हे केंद्र त्यांनी उभं केलं, मलाही या कामात त्यांनीच ओढलं. गेल्या पावसाळ्यात त्या काविळीनं गेल्या. हे मला नीट आठवतंय, तरी त्या समोर बसल्यात याचं नवल वाटत नाही. डोळ्यांतला पिवळेपणा मात्र अजून तसाच आहे.

"डोळा लागला जरा. रात्रभर जागी होते, ताई."

"ये, दाखवते तुला."

मी त्यांच्यामागून दाराबाहेर पडते. तिथे पिंजऱ्यांकडे जाणारी वाट हवी. पण आम्ही तालुक्याच्या एसटी स्टँडवर उभ्या आहोत. बाकांवर माणसांऐवजी गिधाडं बसलीत, ओळीनं, दाटीवाटीनं. सगळ्यांच्या माना छातीवर लोंबतायत. दुखण्यावरचं औषध टोचलेलं जनावर मेलं, त्याचं मांस गिधाडांनी खाल्लं, की ती मरायच्या आधी अशीच बसायची. कर्ण्यावरून कुणीतरी गावांची नावं पुकारतंय. जिथली गिधाडं संपली, ती गावं.

"सगळी माझ्याकडेच आली बघ," ताई म्हणतात. "आता कुणाला काही दुखत नाही."

"मग माना का टाकल्यात त्यांनी?"

त्या चालू लागतात. बाकं मागे पडतात आणि पायाखाली ताईंच्या स्वयंपाकघराची फरशी येते. गॅसवर पातेलं आहे, पाण्याला वाफ धरलीय. ताईंच्या ओंजळीत आमचं अंडं आहे. ते भोक मी ओळखते.

"ताई, हे यंत्रात होतं."

"इतकी सगळी आहेत गं माझ्याकडे, पण पिल्लू एक नाही. तिकडे काही उबतच नाही. हे देऊन टाक मला."

"तुम्हीच म्हणायच्या, एक अंडं म्हणजे एका जोडीचं अख्खं वर्ष."

"म्हणायचे. तेव्हा मी तुमच्यात होते."

त्या अंडं पातेल्यावर धरतात. अगदी जपून, पिल्लाला पहिला घास भरवताना हात पुढे करायच्या तसं. आतून चिवचिव ऐकू येते. सकाळपासून बंद असलेला तो आवाज.

"द्या इकडे!"

"मला नाही म्हणतेस, हेमा?"

आवाज दुखावलेला आहे. दवाखान्यात पाणी मागायच्या, तेवढाच बारीक. त्या असताना मी त्यांचा शब्द कधी मोडला नाही.

"हो, ताई. नाही म्हणते."

मी अंड्यावर झडप घालते. त्या सोडत नाहीत. बोटांखाली कवच कुरकुरतं, तडकतं. पाठीमागे, स्टँडवर, पंखांची सळसळ होते. मी वळून बघते. सगळ्या माना वर आल्यात. सगळी माझ्याकडे बघतायत.

"मॅडम! मॅडम, उठा!"

सुगंधा माझा खांदा हलवतेय. केंद्र सुरू झालं तेव्हापासून पिल्लं भरवायचं काम ती आणि मी मिळून करतो. तिच्या डोळ्यांत पाणी आहे आणि ती हसतेय.

"पिल्लू आलं बाहेर!"

मी यंत्राच्या काचेला नाक लावते. ओलं, राखी, सुरकुतलेलं पिल्लू जाळीवर पडलंय. पोट वरखाली होतंय. बेंबी सुकलेली आहे, रक्ताचा थेंबही नाही. ते चोच उघडतं आणि खणखणीत ओरडतं.

सुगंधा वाकून बघत राहते.

"खालचं कवच आहे. वरची टोपी कुठं गेली?"

"असेल आतच."

"नाही ना. तुम्ही उघडलं होतं का मशीन?"

"नाही."

"मीपण नाही. कडी लागलेलीच आहे."

ती माझ्याकडे वळते. तिची नजर माझ्या उजव्या हाताकडे आहे. मूठ घट्ट आवळलेली आहे, मला सोडवत नाही. सुगंधाच एकेक बोट उलगडते.

तळहातावर कवचाची टोपी आहे. कडा मांसात रुतल्यात. आतली पातळ कातडी ओली आहे, आणि सगळीच्या सगळी कढत. सुगंधा बोट लावते आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेते.