बंगाली बँडमधला कोकणी ढोलकवाला

गेल्या शुक्रवारी दुपारी इथे सौदीत, अल खर्जच्या एका फार्महाउसवर मी चक्क बंगाली बँडमध्ये ढोलक वाजवला. हे लिहितोय, पण माझाच अजून विश्वास बसत नाहीये...

मी इथल्या एका डेअरी प्लँटमध्ये इलेक्ट्रिशियन. आमच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये शेजारच्या खोलीतल्या बंगाल्यांनी मिळून एक बँड उभा केलाय. पश्चिम बंगालमधल्या नदियाचा तपन गातो, बिमल बासरी वाजवतो आणि बांगलादेशातल्या सिलहटचे शफीकभाई दोतारा, म्हणजे त्यांच्याकडचं एक छोटं तंतुवाद्य. गाणी सगळी त्यांच्याकडच्या नावाड्यांची... आजूबाजूला नुसती वाळू, आणि ही माणसं डोळे मिटून नदीची गाणी गातात.

मध्यंतरी त्यांच्या ढोलकवाल्याचं काँट्रॅक्ट संपलं आणि तो कायमचा घरी गेला. खोलीतला आवाजच बंद झाला. एकदा मेसमध्ये जेवताना तपन म्हणाला, आता खलास, फार्महाउसवरचा कार्यक्रमही रद्द करतो. कॅम्पबाहेर, फॅमिलीवाल्या लोकांसमोर गायची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

माझ्या तोंडून निघून गेलं की कोकणात गावाला असताना मी शिमग्यात नमनाच्या खेळांना मृदंग वाजवायचो. बोललो आणि लगेच वाटलं, कशाला बोललो... पण तोवर तपनने मला हाताला धरून खोलीत नेलं होतं.

पहिल्या प्रॅक्टिसला पार फजिती झाली. माझा हात नमनाचा, चढत जाणारा. त्यांचं गाणं संथ पाण्यासारखं. तपन अजून ध्रुवपदात असायचा आणि मी पुढे जाऊन बसलेला. शफीकभाईंना हसू आवरेना, त्यांनी दोतारा खाली ठेवला. मी म्हटलं, दुसरं कुणीतरी बघा, माझ्याच्याने होणार नाही.

तपन मात्र हसला नाही. शांतपणे म्हणाला, “दादा, हाथ मत देखो. हम कब साँस लेता है, वो देखो.”

मग ड्युटी सुटली की रोज त्याच्यासमोर बसायचो. शब्द कळत नव्हते, पण तो श्वास कुठे घेतो ते हळूहळू कळायला लागलं. हातही जरा थांबायला शिकला.

शुक्रवारी हिरवळीवर चटया टाकून बंगाली, मल्याळी, रियाधहून आलेली दोन मराठी कुटुंबं, असे बरेच लोक बसले होते. पहिली दोन गाणी नीट झाली. तिसऱ्यात काय झालं कोण जाणे... लोकांनी मान डोलावलेली बघून मला चेव आला आणि हात सुटला. सरळ नमनाचा ठेका.

माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. थांबावं तर गाणं तुटणार. मी तपनकडे बघितलं. त्यानेही माझ्याकडे बघितलं... आणि स्वतःची लय सोडून माझी धरली.

तीच ओळ त्याने पुन्हा उचलली, माझ्या वेगात. शफीकभाई मागोमाग आले. बिमलची जरा दमछाक झाली, पण त्यानेही गाठलं. नदीला एकदम पूर आल्यासारखं ते गाणं धावायला लागलं. बायका उठून नाचायला लागल्या, पोरं तर आधीच उठली होती.

कार्यक्रम संपल्यावर मी तपनकडे माफी मागायला गेलो. तो म्हणाला, “माफी किसका? अब ये गाना ऐसा ही गाएगा. आप रहेगा ना, दादा?”

मी जोरात होकाराची मान हलवली.

संध्याकाळी आईला गावी रेकॉर्डिंग पाठवलं. तिचा फोन आला. म्हणाली, “ठेका तर आपलाच आहे रे... पण हे गातंय कोण?”

मी तिला एकेकाचं नाव सांगितलं. इतकी वर्षं या देशात फक्त कामाला येऊन राहिलो होतो. आता यांच्यासोबत वाजवायला शुक्रवारच्या सुट्टीची वाट बघतो. तपन, शफीकभाई, बिमल... माझा हात चुकला तेव्हा तुम्ही गाणं माझ्याकडे वळवलंत. हे मी विसरणार नाही.