दाबलं का लागणारं कुलूप

माही अक्कल किती धावते हे ज्याले पाहायचं असेल, त्यानं चहा घ्यावा आन् आयकावं. हसायचं तं आताच हसून घ्या, नंतर दम लागते.

पहिली सायकल चोरीले गेली तेव्हा मी क्वार्टरच्या भिंतीवर काचा लावल्या. दुसरी गेली तेव्हा मागचं दार वेल्डिंग मारून बंद केलं. मी प्लांटमधला वेल्डर, माह्या हातचं दार हत्तीलेही उघडणार नाही. तिसरी घेतली तेव्हा सुपेल्याच्या बाजारातून क्रेनले लावावी अशी साखळी आणली, आन् दाबलं का लागणारं कुलूप. दुकानदार म्हणे, "भैया, सायकल बांधनी है कि रेल का इंजन?"

ही सायकल मी इतकी जपली, का ड्यूटीलेही नेत नव्हतो. शेजारच्या वानखेडेच्या स्कूटरवर जात होतो.

त्या दिवशी सकाळची शिफ्ट. घरचे झोपलेले. साखळी सायकलीतून काढली, समोरच्या गेटच्या दोन्ही पल्ल्यांतून ओवली आन् बाहेरून कुलूप दाबलं. चाबी? ती घरात, तांदळाच्या डब्यात, पार तळाशी. खिशात ठेवली तं पडते, आन् बायकोले सांगितली तं मोहल्ल्याले समजते. सांगा, काय चुकलं माहं?

त्याच दिवशी माह्या पोरीले पाहाले गोंदियाचे पाव्हणे येणार होते. ते मले माहीत होतं. पाव्हणे गेटातूनच येतात, तेवढंच ध्यानात नव्हतं.

फोन प्लांटच्या लॉकरमध्ये वाजून राहिला, मी आत वेल्डिंग करून राहिलो. शिफ्ट सुटल्यावर घरी येतो, तं गेटसमोर ही गर्दी. स्कूटरवरूनच ओरडलो, "सायकल गेली का?"

"सायकल आहे," बायको गेटाच्या आतून म्हणाली. "पोरीचं स्थळ चाललं."

पाव्हणे रस्त्यावर, वानखेडेच्या खुर्च्यांवर. पोह्यांच्या बश्या गजांमधून बाहेर येऊन राहिल्या होत्या. पोरगी नवी साडी नेसून आत, पोरगा बाहेर, मधात माही सायकल.

"मोहल्ल्यानं हातोडीनं ठोकून पाहिलं," बायको म्हणाली, "साखळीले ओरखडा नाही आला." खोटं कावून बोलू, मले आतून बरंच वाटलं.

"चाबी कुठं आहे?" तिनं इचारलं.

"तुह्या तांदळाच्या डब्यात."

बायकोनं माह्याकडं असं पाहिलं, का मी वानखेडेच्या मागं सरकलो.

चाबी आली. घाईघाईत कुलूप काढलं, मधातली सायकल बाहेर रस्त्यावर सारली, पाव्हण्यांले हात जोडून आत नेलं. आन् काय सांगू, पोरगा-पोरगी एकमेकांकडं पाहून हसून राहिले होते. गजांतून दोघांचं चांगलं बोलणं झालं होतं म्हणे. पसंती झाली. मले तं रडूच आलं.

पाव्हण्यांले पोचवाले बाहेर आलो. गर्दी पांगली होती. रस्ता मोकळा होता, तिसरी सायकलही गेली होती.

साखळी माह्या खांद्यावर होती. कुलूपही होतं.

पोराच्या बापानं माह्या पाठीवर हात ठेवला. "भाऊ, आमाले हुंडा-बिंडा काही नको. फक्त लग्नाच्या दिवशी हॉलची चाबी दुसऱ्या कोणाजवळ द्या."