रहाटाजवळचा पैसा

वादळ येऊन गेलं त्याला काही वर्षं झाली, पण आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत ते अजून खिळ्यांच्या रूपाने राहिलेलं आहे. त्या दिवशी दिवेआगरात कुणाच्या घरावरचे पत्रे कुणाच्या वाडीत जाऊन पडले ते कुणालाच सांगता आलं नाही. पत्रे पुढे उचलले गेले, पण त्यांचे स्क्रू आणि खिळे मातीत राहिले आणि एकेक करून वर येत राहिले. आमचे नारळ पाडायला जो माणूस येतो तो अनवाणीच चढतो आणि अनवाणीच उतरतो. मागच्या वर्षी एक खिळा त्याच्या टाचेत असा शिरला की महिनाभर तो माडाला शिवला नाही. बरा होऊन आला तो वाडीच्या बेड्याशीच, म्हणजे फाटकापाशीच, थांबला. "बाई, तुमच्या वाडीत आता चपला घालूनशान येनार. आनि चपला घालून माडावर चढता येत न्हाय," म्हणाला. म्हणजे नारळ आता तुम्हीच पाडा, हे मला कळलं.

म्हणून धातू शोधायचं यंत्र घेतलं. कल्पना माझ्या धाकट्या बहिणीची. ती अलिबागला असते, तिथे कचेरीत नोकरी करते. यंत्राचे निम्मे पैसे तिने दिले, निम्मे मी. आमचं सगळंच तसं आहे. वाडीच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघींची नावं आहेत; भाऊ नाही. वडील गेले तेव्हा गावात म्हणत होते, दोघी मुली, वर्षाच्या आत वाडी विकून मोकळ्या होतील. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. बोर्लीच्या शाळेत पोरांना शिकवलं, निवृत्त झाले आणि वाडीतच राहिले. ती संसार सांभाळून सुट्टीला येते. इतक्या वर्षांत वाडीवरून आमच्यात एक वाकडा शब्द झाला नव्हता आणि त्याचा मला चांगलाच गर्व होता. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. किती सुपारी गळली, माकडांनी काय नेलं, फणस कापला का, असलं काहीबाही आम्ही बोलायचो. फणस कापला की त्याचा फोटोसुद्धा पाठवायचा असा नियम होता.

यंत्र म्हणजे एक दांडा, खाली ताटलीएवढी चकती आणि वर आवाजाचा डबा. लोखंड असलं की घोगरा आवाज, तांबं-पितळ असलं की बारीक. गावात त्याला खिळ्याचं मशीन म्हणायला लागले. रोज सकाळी मी झावळ्या बाजूला करायची आणि चकती फिरवायची. नारळवाला मागे खुरपं घेऊन. महिन्याभरात डालडाचा एक डबा खिळ्यांनी भरला. मला शाळेत असल्यासारखं वाटायचं. एक ओळ झाली की दुसरी.

जुन्या विहिरीजवळ, जिथे पूर्वी रहाट होता तिथे, यंत्र बारीक आवाजात ओरडलं. नारळवाल्याने वीतभर उकरलं आणि हिरवट काळपट चकती निघाली. पैसाच होता, आताच्या रुपयापेक्षा मोठा. दोन्ही बाजू इतक्या गुळगुळीत की बोट फिरवलं तरी काही लागेना.

"बाई, ह्यो येकला न्हाय," तो हळूच म्हणाला. "येकला पैसा कोन पुरतंय? खाली हंडा हाय."

"हंडा माझ्या मोरीत आहे," मी म्हटलं. "आता पुढची ओळ धर."

तिथपर्यंत माझं वागणं शिक्षिकेला शोभेलसं होतं. पुढचं सांगायला जरा लाज वाटते.

तो गेल्यावर मी नाणं घरात आणलं आणि आमसूल आणि मिठाने घासलं. आमच्याकडे देवाचं ताम्हन, पळी, पंचपात्र सगळं असंच घासतात, त्यामुळे हात आपोआप तिकडे गेला असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते पिवळं निघतंय का, हे मला बघायचं होतं. निघालं तांबूस गुलाबी, आमचं ताम्हन निघतं तसं. एका बाजूला तराजू असावा असं काहीतरी पुसट दिसलं, दोन पारडी आणि वर दांडी. दुसऱ्या बाजूला नुसत्या सावल्या. मी ते उन्हात धरलं, चष्मा लावून आणि काढून पाहिलं, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली: येकला न्हाय.

दुसऱ्या दिवशी नारळवाल्याला मी सुट्टी दिली. म्हटलं, जरा थकले आहे. आणि दुपारी कुदळ घेऊन एकटीच रहाटापाशी गेले. तीन दिवस खणलं. हंडा मिळाल्यावर काय करायचं तेही मनात ठरत होतं. घरावर पुन्हा कौलं, पाहुण्यांसाठी आणखी एक खोली, विहिरीला कठडा. या सगळ्या यादीत बहिणीचं नाव कुठे आलं नाही. तिला द्यायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं. तिचा विचारच केला नाही, आणि हे मला आज जास्त वाईट वाटतं. मातीतून निघालं ते असं: स्क्रू, रहाटाची एक पितळी कडी, दाराची बिजागरी, केसांच्या तेलाच्या डबीचं झाकण. चौथ्या दिवशी खड्डे बुजवले, वर झावळ्या टाकल्या. त्या तिन्ही संध्याकाळी बहिणीशी फोनवर बोलले होते. सुपारीबद्दल बोलले, माकडांबद्दल बोलले. नाण्याचा मात्र फोटो पाठवला नाही.

नारळवाल्याच्या पोटात ती गोष्ट किती दिवस राहणार? आधी दुकानात मला विचारलं, मग दूधवाल्याने विचारलं, मग बोर्लीच्या एका जुन्या सहकारी बाईंनी मुद्दाम फोन केला. एका नाण्याचा हंडा झाला होता आणि हंड्याच्या तोंडाला मेण लावलेलं होतं, इतका तपशील. आठवड्याच्या आत ही बातमी अलिबागला कचेरीत पोचली. त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. माकडांबद्दल तिने विचारलं नाही.

"ताई, तुला मला काही सांगायचंय का?"

खड्डे डोळ्यांपुढे आले आणि लाजेने तोंडातून निघून गेलं, "नाही ग. काय सांगायचंय?"

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, कामात असेल. दुसऱ्या दिवशी मी केला, तर भाच्याने उचलला, आई पोळ्या करतेय म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी केला नाही. वाडी विकली जाणार म्हणून ज्यांनी भाकीत केलं होतं त्यांच्यातले बरेचसे आता नाहीत, पण त्यांचं म्हणणं खरं ठरतंय असं वाटून मला जेवण जाईना. जमिनीवरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिले होते. आम्ही एका झिजलेल्या पैशावरून जाणार होतो.

आठवडाभर थांबले आणि रविवारी सकाळी नाणं रुमालात बांधून निघाले. रिक्षाने दिघी, तिथून फेरीबोटीने आगरदांडा, पुढे मुरुडवरून एसटी. बोटीत कठड्याशी उभी असताना मनात आलं, खाडीत टाकून द्यावं आणि प्रकरण संपवावं. मग वाटलं, नाणं नसेल तर दाखवायला काय उरलं? एकटं नाणं निदान एकटं दिसतं तरी. रुमालाची गाठ आणखी घट्ट केली.

बहिणीने दार उघडलं आणि म्हणाली, "चहा घेणार?" आमच्याकडे चहा घेणार का असं कधी कुणी विचारत नाही, तो ठेवलेलाच असतो. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी रुमाल सोडून नाणं टेबलावर ठेवलं. तिने ते बघितलं, उचललं नाही.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काही नाही. हे एवढंच निघालं."

"मग त्या दिवशी 'नाही' का म्हणालीस?"

मी रुमालाची घडी घातली. तिने पायात चपला घातल्या. तिच्याच गल्लीत एक निवृत्त मास्तर राहतात, मुरुडकडचे. आयुष्यभर उर्दू शाळेत शिकवलं, मुलगे आखातात, आणि त्यांना जुन्या नाण्यांचा नाद. "सरांना दाखवू," ती म्हणाली. कोर्टातच निघाल्यासारखी ती पुढे चालत होती आणि मी मागे.

सरांनी नाणं तळहातावर घेतलं आणि आधी माझ्याकडे बघितलं. "याला आंघोळ कुणी घातली?"

"मी. आमसुलाने."

"ताम्हन असतं तर शाबासकी दिली असती. बाई, तांब्यावरचा तो काळा थर म्हणजे नाण्याची कातडी. थोडंफार जे वाचता आलं असतं ते तुम्ही धुऊन टाकलंत."

मी शिक्षिका, पण खाली मान घालून उभी होते. बहिणीच्या तोंडाचा कोपरा जरा हलला असं वाटलं, पण खात्री नाही.

त्यांनी खिडकीचं एक दार लावून घेतलं, म्हणजे उजेड तिरका पडतो. मग पातळ कागद नाण्यावर ठेवून वरून शिसपेन्सिल आडवी घासली. माझ्या डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते कागदावर उमटायला लागलं. तराजू तर होताच. दोन पारड्यांच्या मध्ये एक अक्षरवजा वळण होतं, मला ते ओरखडा वाटलं होतं. सरांनी उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं. "अदल. न्याय, इन्साफ. फारसीत लिहिलंय. दुसऱ्या बाजूला दोन सिंह असायचे, त्यांचे फक्त पाय राहिलेत, हे बघा." कपाटातून त्यांनी एक वही काढली. तिच्या प्लॅस्टिकच्या खिशात तसंच नाणं होतं, चांगलं राखलेलं. शेजारी ठेवल्यावर मलाही पटलं. "कंपनी सरकारचा पैसा. पाव आणा. मुंबई इलाख्यात गल्लोगल्ली चालायचा. साल कुठलं ते आता तुमच्या आमसुलालाच ठाऊक."

बहीण पहिल्यांदा बोलली. "सर, हे पुरलेलं असेल का? म्हणजे, हंड्यातलं वगैरे?"

सर काही बोलायच्या आधी मी त्यांच्याकडे न बघता तिच्याकडे बघत होते.

"कसं शक्य आहे?" ते म्हणाले. "मातीने खाल्लं की नाण्याला खड्डे पडतात. याला खड्डे थोडे आहेत आणि झीज फार. हे हातांनी झिजलंय. मातीत जायच्या आधी पन्नास-साठ वर्षं तरी हे बाजारात फिरत होतं. आणि हंडा पुरणारा माणूस चांदीचे रुपये पुरतो, असला घासून गेलेला पैसा कोण पुरतो? विहिरीजवळ सापडलं ना? पाणी काढायला वाकलं असेल कुणी आणि कनवटीतून पडलं असेल. त्या दिवशी त्या घरात मीठ आलं नसेल, एवढंच." त्यांनी नाणं माझ्या हातात दिलं. "विकायला गेलात तर दोघींच्या चहाचे सुटतील."

माझा जीव भांड्यात पडला. एखादी वस्तू कवडीमोल आहे हे ऐकून माणसाला इतकं हलकं वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते सरांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं मी निराश झाले. समजूत म्हणून त्यांनी आम्हाला खजूर दिले.

बाहेर पडलो. बहिणीच्या चेहऱ्यावरची गाठ सुटली होती आणि ती माझ्या बरोबरीने चालत होती. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. नाणं एकटं आहे हे सिद्ध झालं होतं, मी खरी ठरले होते. पण खरी ठरले म्हणूनच मला चालवेना. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या पायरीपाशी मी थांबले.

"मी खणलं होतं," मी म्हटलं. "तीन दिवस. रहाटाभोवती. तुला न सांगता. पाच खड्डे."

"सहा," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"नारळवाल्याने फोन केला होता. हंड्याचं ऐकायच्या आधीच. म्हणाला, कुंपणावरून दिसलं, मोठ्या बाई सुपारीची मुळं तोडतायत, सहा जागी खणलंय, सांगा त्यांना." ती पायरीवर बसली. "मला हंडा नको होता, ताई. मी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस, त्याचं लागलं."

"हंडा असता तर तुला सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही," मी म्हटलं. हे वाक्य आठ दिवस मला स्वतःशीसुद्धा म्हणता आलं नव्हतं. "नव्हता ते बरं झालं."

तिने खजुराची बी कागदात गुंडाळली. मला वाटलं आता ती काहीतरी कठोर बोलेल आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

"मी तिथे असते तर मीही खणलं असतं," ती म्हणाली. "आणि तुला कुदळ कुठे आहे तेवढंच विचारलं असतं, कशाला हवी ते सांगितलं नसतं." मग तिने मला वर-खाली पाहिलं. "सहा खड्डे या वयात एकटीने खणलेस आणि एकटीने बुजवलेस. कंबर कशी आहे?"

कंबर खणायला लागल्या दिवसापासून मोडून आली होती. रात्री कुशीवर वळता येत नव्हतं, आणि ते सांगायला मला कुणी नव्हतं.

"फार दुखते ग," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.