आधी मीठ, मग बाळ

"बोट दाखव," हाच तिचा नमस्कार. मंठ्याजवळच्या आमच्या गावात ही सिस्टर आली की गरोदर बाईची तर्जनी आधी उजेडात धरायची. बोट काळं दिसलं की बाई जाळलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावते, हे तिला कळायचं. "मिश्री तू लावतीस अन् वाळतं पोटातलं," म्हणायची. तुमच्याही गावात असेल अशी एखादी, जिला देवाच्या शपथेचाही भरवसा वाटत नाही.

आम्ही तरी तिच्यावर कुठे विश्वास ठेवत होतो! तिला मूलबाळ नव्हतं. ती अंगणात दिसली की सासूबाई माझ्या पोटावर पदर ओढायच्या.

माझं पहिलं बाळ अगदी बारकं जन्मलं आणि चौथ्या दिवशी गेलं. दुसऱ्या खेपेला, सातव्या महिन्यात, सिस्टर नेमकी जेवणवेळी आली. माझ्या ताटात अर्धीच भाकरी होती.

"बाकीची कुठंय?"

"पोटभर खाल्लं की लेकरू मोठं होतं, बाळंतपण अडतं," सासूबाई म्हणाल्या.

"पहिलं बारकंच झाल्तं, मावशी. अडलं न्हाई. मंग राह्यलं का?"

सासूबाई उठून आत गेल्या. मला सिस्टरचा भयंकर राग आला. पण दोन भाकरी संपेपर्यंत ती हलली नाही. पुढे दर दोन-चार दिवसांनी जेवणवेळी हजर. "आयतं खायला टपून राह्यली," सासूबाई शेजारणीला सांगायच्या. आमच्याकडे ती पाणीसुद्धा प्यायली नाही.

मी मात्र डाव्या हाताच्या बोटानं मिश्री लावत होते. एके दिवशी ती म्हणाली, "आता दुसरा हात."

"सोडली हो मी!"

"तुला न्हाई, बोटाला इचारलं."

त्याच दिवशी मिश्रीची डबी मी उकिरड्यावर फेकली.

मुलगी झाली तेव्हा सिस्टरनं पिशवीतून मिठाची किलोची पुडी काढली आणि आधी ती काट्यावर ठेवली. काट्यावरही तिचा विश्वास नव्हता! मग बाळ ठेवलं. पावणेतीन किलो. पुन्हा मीठ, पुन्हा बाळ.

"बराबर हाय," ती म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

निवृत्त होऊन ती जाफराबादकडे गेली. मला तिची फार आठवण येते. परवा जाऊबाईंचं बाळंतपण झालं. नवी सिस्टर हसतमुख, बोलायला गोड. बाळ उचलून ती काट्याकडे निघाली.

"थांब गं बाई," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदराआडून मिठाची पुडी काढली.